बोकडाच्या केसांची मासोळी

मी लहान होतो तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की आधी मी जाणार. तोंडाने तसं कोणी म्हणत नसे. पण शाळेचे कपडे शिवताना आई दादाच्या चड्डीला दोन बोटं दुमड जास्तीची सोडायला सांगायची, पुढच्या वर्षी उसवता यावी म्हणून, आणि माझ्या चड्डीच्या वेळी शिंप्याला काही सांगायची नाही. मला सिकलचा आजार, रक्तातला. आईबापांकडून अर्धा-अर्धा असा तो येतो. दादाला एकाच बाजूचा मिळाला, त्यामुळे त्याला कधी काही झालं नाही. मला दोन्हीकडचा मिळाला.

आमचं गाव नागभीडपासून जवळ, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. बाबा रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होते. ते लवकर गेले. त्यांच्याच गँगमधले एक सोबती आमच्या समोरच्या घरात राहत, त्यांना आम्ही काका म्हणायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी ट्रॅक्टर घेतला, आणि माझं दुखणं उठलं की तो ट्रॅक्टर आमच्या दारात यायचा. हे दुखणं सांगून येत नाही. हाडाच्या आत कोणी जातं फिरवत असल्यासारखं सुरू होतं आणि मग माणूस फक्त ओरडतो. काका ट्रॉलीत तणीस, धानाचं वाळलेलं गवत, पसरायचे, वर गोधडी टाकायचे आणि खड्डे चुकवत चुकवत चालवायचे. मधूनच मागे वळून म्हणायचे, "पडून राय बाबू, आलंच नागभीड." पावसात, थंडीत, त्यांच्या स्वतःच्या पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यांनी मला असं नेलेलं आहे.

गावाच्या मागे जुना तलाव आहे. थंड पाण्यात भिजलं की माझं दुखणं उठतं, म्हणून गावातली सगळी पोरं पाण्यात असायची आणि मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चादर पांघरून. दादा पाण्यात मासोळीसारखा फिरायचा. एका काठाहून दुसऱ्या काठाला जायचा, तिकडून हात हलवायचा, परत यायचा. माझ्याजवळ येऊन अंगावरचं पाणी माझ्यावर उडू नये म्हणून जरा लांब बसायचा. मोठा झाल्यावर तो जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून लागला. गावोगाव फिरून गाईम्हशींना, बकऱ्यांना लसी टोचायच्या, डॉक्टरच्या हाताखाली जनावर धरायचं, हे त्याचं काम. मी गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो. माझ्या उजव्या खुब्याचं हाड आजाराने वाळलं, तेव्हापासून काठी घेऊन चालतो.

पिसांच्या मासोळ्या बांधायचा नाद मला दवाखान्यात लागला. एका हिवाळ्यात मी बरेच दिवस वॉर्डात पडून होतो, रक्त चढत होतं, आणि वेळ जावा म्हणून दादाने त्याचा मोबाइल माझ्याकडे ठेवला होता. त्यात मला एक गोरा म्हातारा दिसला. कुठल्यातरी बर्फाच्या देशातला. त्याने एक मोठा गळ शिकंज्यात पकडला होता आणि त्यावर तो दोऱ्याने केस आणि पिसं बांधत होता. बघता बघता त्याची वीतभर मासोळी झाली. मग त्याने ती काचेच्या हौदातल्या पाण्यात ओढून दाखवली आणि ती जिवंत झाली. आकसायची, फुगायची, शेपूट हलवायची. मोठे शिकारी मासे असल्या मासोळीला लहान मासा समजून धरतात, असं तो सांगत होता. त्याची भाषा मला अर्धीच कळत होती, पण हात कळत होते. तो व्हिडिओ मी सलाईन संपेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिला.

घरी आल्यावर मी दादाला सांगितलं, "मले बोकडाच्या शेपटीचे केस आनून दे. लांब पाह्यजे. आन् कोंबड्याच्या मानेचे पंख."

"कायले?"

"मासा बनवतो."

त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. पण आणलं. त्याला सगळं मिळायचं. गावोगावचे कोंबडे-बोकड त्याच्या ओळखीचे होते. सोनाराकडून एक जुना हातशिकंजा आणला, तो मी टेबलाच्या कडेला आवळून बसवला. आईच्या फाटक्या शालूची जर काढून ठेवली, माशाच्या कुशीची चमक म्हणून. गळ मात्र मोठे, लांब दांड्याचे लागत, ते समुद्रावरच्या मासेमारीचे पार्सलने मागवले.

पहिली मासोळी बांधली ती दादाने हातात उलटीपालटी करून पाहिली. "अबे, हा मासा होय का कोंबडा?"

"पान्यात गेल्यावर समजन."

पाण्यात गेल्यावर समजलं की केस फार झाले होते. ओली झाल्यावर ती इतकी जड झाली की फेकताच येईना. "ओला पोछा फेकून राह्यलो काय मी?" असं म्हणत तो पाळीवर हसत बसला. मग मी कमी केस बांधायला शिकलो. माणसाला वाटतं भरपूर बांधलं की मासा मोठा दिसेल. पण विरळ बांधावं लागतं, एवढं विरळ की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसावं. पाणी बाकीचा मासा पुरा करतं.

फेकायची छडीही वेगळी असते. त्यात वजन मासोळीला नसतं, दोराला असतं. जाड दोर मागे हवेत सोडायचा, तो सरळ व्हायची वाट पाहायची आणि मग पुढे. दादाने कोणाकडून तरी जुनी छडी मिळवली आणि आमच्या खळ्यावर धान झोडून झाल्यावर रोज संध्याकाळी तो दोर फेकायचा. गावातले लोक बघायला यायचे. काका एकदा बराच वेळ बघून म्हणाले, "हा कोनाले झोडपून राह्यला रे?" दोर त्याच्या कानाला लागायचा, शर्टात गळ अडकायचे. उन्हाळा येईपर्यंत त्याला जमायला लागलं.

तलाव ढिवर सोसायटीच्या, म्हणजे मासेमारांच्या संस्थेच्या, ताब्यात. त्यांच्या म्हाताऱ्या अध्यक्षांना आम्ही दोघं जाऊन भेटलो. त्यांनी मासोळी हातात घेऊन तिचे केस बोटाने विंचरले. "मरळ आमचं बीज खाऊन टाकते," ते म्हणाले. "ते काढ तू. रोहू-कतल्याले हात नाई लावाचा. आन् जाळं टाकलं का तिकडे येजो नोको."

मरळ म्हणजे आमच्याकडचा पाण्यातला वाघ. अंगाने सापासारखी, तोंड सापाचं, दात बारीक आणि आत वळलेले. शेवाळात, कमळाच्या देठांत दबा धरून राहते. मधूनच हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर एक जाड बुडबुडा फुटतो, एवढाच तिचा पत्ता. गळ शेवाळात अडकू नये म्हणून मी मोटरसायकलीच्या क्लच वायरच्या दोन तारा गळाच्या टोकासमोर वाकवून बांधायचो. मासोळी बुडबुड्याच्या पुढे टाकायची, बुडू द्यायची, आणि दोर हाताने टप्प्याटप्प्याने ओढायचा. ओढ, थांब. ओढ, थांब. थांबली की केस फुलतात, आणि तेव्हाच ती येते.

पहिली आली तेव्हा मी पाळीवर होतो. पाण्याला वेडावाकडा खड्डा पडला आणि दादाची छडी वाकून पाण्याला टेकली. तो ओरडला नाही. नुसता माझ्याकडे वळून बघत राहिला, मासा तिकडे ओढत असताना. काढली तेव्हा ती त्याच्या हाताएवढी होती. मासोळीची पिसं चावून निम्मी झाली होती. आईने त्या दिवशी आंबाडी घालून रस्सा केला आणि मला डोक्याचा भाग वाढला. तो नेहमी दादाचा असायचा.

सगळंच काही असं गोड नव्हतं. एका पावसाळ्यात कमळाजवळ लाल ठिपक्यांचा एक ढग पाण्यावर हलत होता. मरळीची पिल्लं. त्यांच्या खाली नर-मादी राखण करत असतात, आणि तिथून काही गेलं तर भूक नसतानाही चावतात. दादाने तिथे मासोळी टाकली. मादी लागली. ती काठावर काढेपर्यंत त्या लाल ढगात चारी बाजूंनी मासे शिरले. पाणी उकळल्यासारखं झालं आणि मग ठिपके राहिले नाहीत. दादा छडी गुंडाळून घरी आला. मासा आम्ही खाल्ला. पुन्हा त्याने तसं केलं नाही.

दादाचं लग्न झालं. मुलीचं रक्त आधी तपासलं, मगच पुढची बोलणी. वहिनी चामोर्शीकडची. तिला सुरुवातीला हे सगळं घाणेरडं वाटायचं. घरभर केस, पिसं, बोकडाचा वास. पण मासोळीच्या डोक्यावर दोरा सुटू नये म्हणून रोगण लागतं, आणि ते संपलं तेव्हा तिने स्वतःच तिचं नेलपॉलिश आणून टेबलावर ठेवलं. "लाल हाये. चालन का?" म्हणाली. चाललं. पुढे तर कोणत्या रंगाचं डोकं हवं ते तीच सांगायची.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढे तिच्यावर फार काही अवलंबून राहिलं. मासोळी बांधून झाली की तिचे केस चारी बाजूंना उभे राहतात. ते नीट मागे बसावेत म्हणून मी वर्तमानपत्राची एक ओली पट्टी तिच्यावर घट्ट गुंडाळायचो. रात्रभरात ती सुकायची आणि आतले केस माशाच्या अंगासारखे बसायचे. दादा घरूनच मासोळी दोराला बांधून निघायचा, पण ती पट्टी काढायचा नाही. तलावावर पोचला, पहिली फेक करायची वेळ आली, की मगच फाडायचा. मी बांधलेली वस्तू उघडायला त्याला मजा वाटायची.

ते वर्ष डुकरांचं होतं. धान पोटरीत आलं की रानडुकरं जंगलातून उतरायची आणि एका रात्रीत बांधी लोळवून टाकायची. लोक मचाणावर बसले, डबे वाजवले, साड्या टांगल्या. वाघामुळे मचाणावर बसायलाही लोक भ्यायला लागले होते. मग काहींनी बांधीभोवती खुंट्या ठोकून गुडघ्याएवढ्या उंचीवर तार ओढली आणि तिला मोटारपंपाच्या लाइनीचा करंट जोडला. हा गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाच्या बांधीला तार आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तलावाजवळच्या काकांच्या बांधीला होती, आणि तलावाची वाट तिच्याच धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जायची. दिवस मावळल्यावर ते जोडायचे आणि पहाटे उजेडाआधी काढायचे.

हिवाळ्याच्या तोंडाशी माझं दुखणं उठलं होतं, पण दवाखान्याइतकं नाही. मी अंथरुणात बसून एक काळी मासोळी बांधली, जरीची एकच रेघ टाकून. दादाला दुसऱ्या दिवशी लसीकरणाला दूरच्या गावी जायचं होतं, म्हणून तो नेहमीपेक्षा लवकर, अंधारातच निघाला. दारातून म्हणाला, "पाहू आज तुह्या काळीले कोन मागते." मी मान वर न करता "जा" म्हणालो. पाय फार दुखत होते.

ऊन अंगणात आलं तरी तो आला नाही. वहिनीने फोन लावला, तो वाजत राहिला. तेवढ्यात काका धावत आले. त्यांची पँट कंबरेपर्यंत ओली होती. दारात उभे राहून ते आईला म्हणाले, "वहिनी, पोरगा बुडाला. मासे मारता मारता पाय घसरला असन. मी काढलो बाहेर."

आई उभी राहिली आणि म्हणाली, "तो बुडत नाई."

मला दोघा शेजाऱ्यांनी खाटेसकट उचलून नेलं. माझ्याने चालवत नव्हतं. पाळीवर गर्दी होती. दादाला गवतावर ठेवलं होतं, डोळे अर्धे उघडे, केसांत शेवाळ. वहिनी त्याच्या छातीवर डोकं ठेवून त्याला हाका मारत होती. त्याची छडी पाण्याच्या कडेला पडलेली होती. कोणीतरी ती उचलून माझ्या खाटेवर ठेवली, माझी वस्तू म्हणून.

मी ती का पाहिली ते मला सांगता येणार नाही. दादाकडे बघवत नव्हतं म्हणून असेल. छडीच्या मुठीजवळच्या कडीत मासोळी अडकवलेली होती. तिच्यावर कागदाची पट्टी तशीच होती. मी रात्री गुंडाळली तशी, कोरडी, कडक.

गर्दीत काका माझ्या पायाशीच उभे होते. मी त्यांना म्हणालो, "काका, दादा मासे मारून नवता राह्यला."

"काऊन?"

"कागद काढला नाई त्यानं. तो तलावावर आलाच नाई."

आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले. बहुतेकांना मी काय म्हणतोय ते कळलं नाही. काकांना कळलं. खळ्यावर, पाळीवर त्यांनी दादाला ती पट्टी फाडताना कितीदातरी पाहिलं होतं. त्यांनी मासोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते जागच्या जागी खाली बसले. चिखलात.

"माह्याच हातून झालं," ते म्हणाले. "डोळा लागला माह्या. तार काढाची राह्यली. येऊन पाह्यलो त हा धुऱ्यावर पडून होता."

ढिवर सोसायटीचे म्हातारे पुढे आले आणि त्यांनी दादाची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर आडवी काळी रेघ होती.

"पान्यात काऊन टाकलं मंग?" आईने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता, घरात काही विचारावं तसा. "जित्ता होता का?"

"नाई वहिनी. तुमच्या पोराची शपथ, नाई. थंडा होता. मी भेलो."

आईला त्यांचं उत्तर खरं वाटलं की नाही, मला अजून माहीत नाही. शवचिकित्सेत पाणी पोटात-छातीत सापडलं नाही, म्हणजे काका खरं बोलत होते. पण ते आम्हाला नंतर कळलं. मधल्या दिवसांत ती रोज रात्री उठून बसायची आणि मला विचारायची, "करंट लागलेला मानूस वाचू शकते का रे? डॉक्टरले विचारशीन?"

नागभीडहून पोलीस आले. छडी आणि मासोळी त्यांनी पंचनाम्यात घेतली. दादाला गावाच्या बाहेर आमच्या समाजाच्या जागेत अग्नी दिला. बुद्धवंदनेच्या वेळी मला उभं राहता येत नव्हतं म्हणून मी खुर्चीवर बसलो होतो, आणि आलेले नातेवाईक माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण तेच माझ्या मनात होतं. हा कसा काय राहिला. एक मामा तर आईला म्हणाले, "त्या पंखाच्या खेळापायी गेला पोरगा." आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तारेपायी गेला." पुढे त्या मामांशी ती बोलली नाही.

काका काही दिवस आत होते, मग जामिनावर सुटून आले. समोरचंच घर. त्यांचा दरवाजा आणि आमचा दरवाजा एकमेकांकडे तोंड करून. त्यांनी तो बंद ठेवला आणि मागच्या बाजूने ये-जा सुरू केली. काकू एकदा आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. आई तांदूळ पाखडत होती. पाखडून झाले, सूप भिंतीला टेकवलं, आणि आत जाऊन तिने दार लोटून घेतलं. काकू बराच वेळ तिथेच होती.

मी मासोळ्या बांधणं बंद केलं होतं. शिकंजा टेबलाला तसाच होता, त्याला गंज चढला.

पुढच्या थंडीत एका दुपारी माझं दुखणं उठलं, आणि ते छातीत गेलं. छातीत गेलं की घाई करावी लागते हे आम्हाला ठाऊक होतं. श्वास पुरा होत नव्हता. वहिनीने अँब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन ब्रह्मपुरीला गेली होती. गावातली एक जीप होती ती बाजाराला गेलेली. मी ओरडत होतो ते समोर ऐकू जात असणारच. थोड्या वेळाने ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो आमच्या दारात येऊन थांबला. ट्रॉलीत तणीस पसरलेलं होतं.

आई दारात आडवी उभी राहिली. "नाई," ती म्हणाली. "याच्या गाडीत नाई."

काका खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते.

"आई, त्याईले श्वास नाई घेता येऊन राह्यला," वहिनी म्हणाली.

"मरू दे मंग. पन याच्या गाडीत नाई."

आई असं म्हणाली. मी ते ऐकलं, आणि मला तिचा राग आला नाही. मला वाटतं त्या क्षणी तिला दोन्ही पोरं एकदमच गेलेली हवी होती, म्हणजे सगळं संपलं असतं.

वहिनीने तिला हाताला धरून बाजूला केलं. लोटलं म्हटलं तरी चालेल. मग ती आत आली, माझ्या काखेत हात घालून मला उठवलं आणि शेजारच्या बाईच्या मदतीने ट्रॉलीत चढवलं. स्वतः माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. ट्रॅक्टर निघाला. काका खड्डे चुकवत होते. ते एकदाही मागे वळले नाहीत. दवाखान्याच्या फाटकाशी वहिनी वॉर्डबॉयला बोलवायला उतरली, तेव्हा ते मान खाली घालून बसले होते आणि त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. मला आत नेल्यावर ते निघून गेले. मी वाचलो.

त्यानंतर खटला उभा राहिला. पोलिसांपुढे काकांनी सगळं कबूल केलं होतं, पण वकिलाने त्यांना कोर्टात नाही म्हणायला सांगितलं असावं. तार त्यांची नव्हती आणि पोरगा पाण्यातच पडला, असं त्यांच्या बाजूने मांडलं गेलं. म्हणून माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून ती काळी मासोळी काढली आणि मला विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. बोकडाचे केस, कोंबड्याची पिसं, शालूची जर, मरळीसाठी. न्यायाधीशांनी ती जवळ मागवून पाहिली. कागद पिवळा पडला होता, पण सुटला नव्हता. पट्टी का गुंडाळतात आणि कधी काढतात, तेही सांगितलं.

मग काकांचे वकील उठले. "तुम्हाला दवाखान्यात कोण नेत होतं?"

"काका."

"किती वेळा नेलं असेल?"

"लय वेळा."

"मागच्या वर्षी, ही घटना घडल्यानंतरसुद्धा त्यांनीच नेलं?"

"हो."

"म्हणजे तुमचा जीव त्यांनी वाचवला आहे."

"हो. वाचवला."

"तरी त्यांच्याविरुद्ध बोलताय?"

"जे होतं ते सांगून राह्यलो," मी म्हणालो. माझ्या मागे वहिनी बसली होती. आई आली नव्हती. काका आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी हळूच मान हलवली, बरोबर सांगितलंस म्हणावं तशी. वकिलाला ती दिसली नसावी.

त्यांना शिक्षा झाली. चंद्रपूरच्या तुरुंगात ते राहिले. ट्रॅक्टर त्यांच्या जावयाने नेला. तलावाजवळची बांधी पडीत राहिली, तिच्यात आता बेशरमाची झुडपं उगवली आहेत. वहिनीला दादाच्या जागी अनुकंपावर नोकरी लागली, त्याच जनावरांच्या दवाखान्यात. सुरुवातीला तिला बैल धरता येत नसे. आता ती धरते. ती चामोर्शीला बदली मागून आईवडिलांकडे राहायला गेली, आणि ते बरोबरच झालं. आमच्या घरात तिच्यासाठी काही उरलं नव्हतं. मधून फोन करते. आईची चौकशी करते, माझ्या गोळ्यांची करते.

तिच्या सांगण्यावरून मी शिकंज्याला तेल घालून तो पुन्हा सुरू केला. एका उन्हाळ्यात भर दुपारी, पाणी तापलेलं असताना, मी स्वतः दुसरी एक छडी घेऊन पाळीवर गेलो. खुब्यामुळे नीट उभं राहता येत नाही, आणि दादासारखा दोर सरळ होत नाही. काठाजवळच पडला. एका मरळीने मासोळीमागे येऊन तिला नाकाने ढोसलं आणि परत फिरली. मी बराच वेळ टाकत राहिलो. काही लागलं नाही. घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "कपडे वले नाई नं?" मी म्हणालो, नाही. तिने हात लावून पाहिलं.

मागच्या महिन्यात नागभीडच्या बसस्टँडवर मी गडचिरोलीच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. रक्त चढवायला जायचं होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा येऊन बसला. डोक्याचे केस पार गेलेले, गळ्यात मफलर. काका सुटून आल्याचं ऐकलं होतं. ते पोरीकडे राहतात. त्यांनी मला आधी ओळखलं होतं, आणि उठावं की बसावं हे त्यांना कळत नव्हतं. माझ्याही ते लक्षात आलं. गाडीला वेळ होता. शेवटी त्यांनीच विचारलं, समोर रस्त्याकडे बघत.

"तब्येत कशी हाये तुमची?"

जन्मापासून ज्याने मला बाबू म्हणून हाक मारली, ट्रॉलीत उचलून ठेवलं, तो माणूस मला तुमी म्हणत होता.

"थंडीत दुखते," मी म्हणालो.

"हो. थंडी हाये औंदा." मफलर नीट करत म्हणाले, "सांभाळून राहा तुमी."

गाडी आली. चढताना माझी काठी पायरीत अडकते, नेहमीच अडकते. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. कंडक्टरने मला वर ओढलं.